जुने रूप, चालता धंदा

गणपतीचा सण उरकला की पंधरा-वीस दिवसांनी आम्ही जोह्याला वसुलीला जातो. पेण तालुक्यातला हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सारा पट्टा गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा. मूर्ती हा आमचा विषय नाही. आम्ही कापडवाले. पण या कारखान्यांत जे शेकडो कारागीर आणि बायामाणसे राबतात त्यांना लुंगी, बनियन, पंचा, साडी लागते, आणि ती त्यांना हंगामाआधी उधारीवर हवी असते. मालकाच्या नावावर खाते, मूर्ती विकल्या गेल्या की पैसे. आमचे वालिद हाच व्यवहार सायकलच्या कॅरिअरला गाठोडे बांधून करीत. आम्ही टेम्पो घेतला, एवढाच फरक.

२०२५ च्या हंगामानंतर असेच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बसलो होतो. मालक साठीच्या पुढचे. हाताला कोपरापर्यंत पांढरी भुकटी, आणि त्या भुकटीतून मनगटावर चमकत होते एचएमटीचे 'जनता' घड्याळ. काचेवर ओरखडे, पट्टा नवा. खिशात मोठा मोबाइल होता, तरी वेळ पाहायला त्यांनी मनगटच वर केले.

आम्ही म्हटले, "शेठ, अजून हेच?"

ते हसले. "भाई, तुमचे वडील लुंगी घेऊन यायचे तवा पण हेच होतं. नवीन घेतलं म्हणून दिवस पंचवीस तासांचा होणार हाय काय?"

वाक्य गमतीचे होते, पण परतीच्या वाटेवर ते डोक्यातून जाईना. कारण त्या दिवशी आमची वसुली पुरी झाली नव्हती. का झाली नाही ते पुढे सांगू. आधी घड्याळाविषयी, कारण या एका घड्याळात आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या कामाच्या बऱ्याच गोष्टी आहेत.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, १९५३ साली सुरू झालेली सरकारी कंपनी. तिचे मूळ काम कारखान्यांची यंत्रे बनविण्याचे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूर येथे तिने घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे मनगटी घड्याळ म्हणजे विलायती चीज. फावर-लुबा वगैरे स्विस नावे मुंबईच्या बाजारात होती, पण ती वकील-डॉक्टरांच्या मनगटावर. 'जनता' हे नावच सांगते की माल कोणासाठी काढला होता. पांढरी साधी तबकडी, सरळ काटे, रोज चावी द्यायची, आत सतरा ज्वेल. हे ज्वेल म्हणजे दागिना नव्हे. चक्रांच्या टोकांखाली बसविलेले कृत्रिम माणकाचे बारीक खडे ते, म्हणजे घासून झीज होऊ नये. पुष्कळ लोकांना वाटे की घड्याळ मोडले तर सतरा माणके निघतील. आम्हालाही लहानपणी तसेच वाटे.

वालिदांनी 'जनता' घेतले ते आमच्या जन्माच्या आसपास, म्हणजे १९७० च्या सुमारास. फजरच्या नमाजनंतर चहा येईपर्यंत ते घड्याळाला चावी देत. अंगठा आणि तर्जनी यांत चावी धरून हळूहळू फिरवायची, कमान भरली की बोटाला कळते, तिथे थांबायचे, जोर करायचा नाही. आम्ही एकदा जोर केला आणि कमान तुटली. पेणच्या घडीसाजाने दुसरी बसवून दिली. त्याने डब्यातून काढली आणि बसविली, इतके सोपे. मुंबईहून मागवावी लागली नाही, माप घ्यावे लागले नाही. कारण गावात ज्याच्या त्याच्या मनगटावर तेच घड्याळ होते आणि त्याच्या डब्यात त्याच घड्याळाचे भाग होते.

इथे आपण जरा थांबू. घड्याळाचे रूप बदलले नाही याचा अर्थ लोक सहसा असा घेतात की कंपनीला नवे सुचले नाही. पण त्या घडीसाजाच्या बाजूने बघा. एकच यंत्र वर्षानुवर्षे चालले म्हणून त्याला एकदा शिकलेले काम आयुष्यभर पुरले. एका मोडक्या घड्याळातून काढलेले चक्र दुसऱ्यात बसे. भांडवल म्हणजे एक टेबल, एक भिंग, दोन चिमटे आणि भागांचे डबे. अशा दुकानावर त्याने घर चालविले, मुली उजविल्या. कंपनीने दर दोन वर्षांनी यंत्र बदलले असते तर हा माणूस कधीच उठला असता. डिझाइन टिकते तेव्हा कारखानदाराबरोबर दुरुस्तीवालाही टिकतो. तालुक्याच्या गावातले आपले किती बांधव या दुरुस्तीच्या कामात आहेत ते मोजून पाहा. घडीसाज, शिलाई मशीनवाले, स्टोव्हवाले, सायकलवाले, कुलूपवाले.

'जनता' शिवाय एचएमटीची दुसरी नावेही होती. 'पायलट' काळ्या तबकडीचे, 'सोना' पातळ आणि सोनेरी, आणि 'कांचन', जे हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेई आणि लग्नात जावयाला देण्याचे घड्याळ म्हणून ज्याला मान होता. अंध बांधवांसाठी ठिपक्यांच्या ब्रेल लिपीचे घड्याळही एचएमटीने काढले, झाकण उघडून बोटाने वेळ वाचायची. मागणी इतकी की पसंतीच्या नगासाठी थांबावे लागे.

आपल्या कोकणच्या मुस्लिम घरांत मात्र आणखी एक घड्याळ आले, ते समुद्रापलीकडून. पेण, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या भागातली मुले जहाजावर, कुवैतला, दुबईला, सौदीला गेली आणि येताना सिको फाइव्ह घेऊन आली. आमच्या मामूंनी आणलेल्यात वार अरबीत दिसे. आम्ही उर्दू शाळेचे विद्यार्थी, म्हणून गल्लीतील मुलांना तो वार वाचून दाखविण्याचा मान आमचा. हे सिकोचे 'फाइव्ह' १९६३ पासूनचे. स्वयंचलित, वार आणि तारीख एका चौकटीत, चावीची गुंडी चारच्या आकड्याजवळ आत दडलेली. पन्नास वर्षांपूर्वी जद्दाहून आलेले आणि अलीकडे घेतलेले शेजारी ठेवले तर जाणकारालाच फरक कळेल. ज्यांचे वडील आखातात होते त्यांच्या घरी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ते आजही सापडेल. हलविले की चालू होते.

मग एचएमटी बुडाली कशी, असा प्रश्न कोणीही करील. बुडाली ती तबकडी जुनी म्हणून नव्हे. आतली विद्या बदलली. क्वार्ट्झ घड्याळात कमान नसते. बॅटरीच्या विजेने स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याच्या मोजणीवर काटा सरकतो. वेळ अचूक आणि चावीची कटकट नाही. एचएमटीने १९८१ मध्ये स्वतःच क्वार्ट्झ घड्याळ काढले होते, म्हणजे तिला माहीत नव्हते असे नाही. पण तिचा सारा पसारा, यंत्रे आणि माणसे चावीच्या घड्याळावर उभी होती, म्हणून मनही तिथेच अडकून राहिले. टाटांच्या टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झवरच भर दिला, काचेची झगमगीत दुकाने थाटली आणि घड्याळ वेळेसाठी न विकता नटण्यासाठी विकले. पुढे १९९१ नंतर बाजार खुला झाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

आणि गंमत पाहा. २०१४ मध्ये कारखाना बंद होणार अशी बातमी फुटताच जे लोक वीस वर्षे एचएमटीच्या दुकानाकडे फिरकले नव्हते ते रांगा लावू लागले. शेवटचा नग म्हणून 'जनता' आणि 'पायलट' चढ्या भावाने विकले गेले. माल संपत आला की माणसाला त्याची कदर येते.

या कदरीतून एक खोटा धंदाही निघाला, त्याबद्दल बांधवांना सावध करणे जरूर आहे, कारण आम्ही त्यात फसलो आहोत. वालिदांच्या वफातीनंतर त्यांचे घड्याळ कोणाच्या हातून कुठे गेले ते कळले नाही. त्याची आठवण म्हणून आम्ही मुंबईच्या फुटपाथवर एक 'जनता' घेतले. तबकडी दुधासारखी स्वच्छ, अक्षरे ठळक. घरी आणून घडीसाजाला दाखविले. त्याने भिंग लावून पाहिले आणि काही न बोलता आमच्यापुढे भिंग धरले. अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या. तबकडी घासून पुन्हा छापलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, पाठीचे झाकण तिसऱ्याचे. दोन-तीन मोडकी घड्याळे एकत्र करून एक केले होते. चालत होते, हे खरे.

आता असे जोडकाम करणे हा गुन्हा नाही, तो हुनर आहे. मेलेले यंत्र जिवंत करणाऱ्या हाताला आम्ही सलाम करतो. पण "तबकडी नवी छापली आहे, काटे बदलले आहेत" एवढे गिऱ्हाइकाला सांगून विकले तर ती हलाल कमाई आहे, आणि जुना अस्सल नग म्हणून विकले तर नाही. मालातला ऐब सांगून विकण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. दुकानावर बसल्यावर ती कुठे जाते कोण जाणे. आम्ही कापडातही हे पाहतो, धुवून इस्त्री केलेला डागी माल नवा म्हणून जातो.

जपानच्या कॅसिओने १९८९ मध्ये एफ-९१डब्ल्यू नावाचे काळे चौकोनी प्लास्टिकचे घड्याळ काढले. आकडे दिसतात, बटण दाबले की बारीक दिवा लागतो, तासाला टिक करते, आणि एका बॅटरीवर सात वर्षे चालते असे कंपनी सांगते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ ते आहे तसेच विकले जात आहे. शाळेतली मुले, मजूर, शिपाई, नमाजी सर्वांच्या हातात दिसते. आणि म्हणूनच एक विचित्र गोष्ट घडली. अमेरिकेने ग्वांतानामो येथे जे कैदी ठेवले त्यांच्या कागदपत्रांत, कैद्याजवळ हे घड्याळ सापडले, हे संशयाचे एक कारण म्हणून लिहिलेले निघाले. जगभर लाखोंनी विकला जाणारा सर्वांत स्वस्त माल, तो गरिबाच्या मनगटावर असणार नाही तर कुठे असणार? असो, तो विषय वेगळा.

घड्याळ सोडून आपल्या घरात नजर फिरविली तर न बदललेले रूप जागोजागी दिसेल. रूह अफजाच घ्या. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्या वर्षी हे सरबत. त्याचे फुलाफळांचे लेबल मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने १९१० मध्ये तयार केले, आणि इतक्या रंगांची छपाई दिल्लीत होत नसल्याने ते मुंबईत छापून घेतले गेले. काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली, पण लेबल तेच ओळखीचे. २०१९ च्या रमजानमध्ये बाजारात रूह अफजाचा तुटवडा पडला होता. तेव्हा दुसऱ्या कंपन्यांची लाल सरबते दुकानात रांगेने उभी होती. आमच्या घरातून मात्र एकच निरोप, "मिळाले तर तेच आणा, नाहीतर लिंबू आणा." लेबल बदलले असते तर याच बायकांनी अस्सल बाटलीला नकली म्हणून परत पाठविले असते. शंभर वर्षांच्या विश्वासाची किंमत अशी असते, पण त्याला एक साखळीही असते. मालकाला आपल्याच लेबलला हात लावता येत नाही.

गोदरेजचे लोखंडी कपाट १९२३ पासूनचे. आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, लोक कपाटाला 'गोदरेज'च म्हणतात. लग्नात मुलीला गोदरेज दिले म्हणतात आणि ते असते कुठल्याशा गाळ्यात वेल्डिंग केलेले. आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेशनवाले रोह्यात अशी कपाटे करतात. त्यांनी एकदा हौसेने दाराची मूठ बदलली, गोल बसविली. चार कपाटे पडून राहिली. पुन्हा तीच आडवी मूठ आणि मध्ये आरसा केला तेव्हा गेली. मशिदीतील जमातच्या वेळांचा फळा पाहा. पाच नमाज आणि जुमा, सहा खोट्या तबकड्या, काटे हाताने फिरवायचे. भिंतीवर अजानचे विजेवरचे घड्याळ लागले तरी हा फळा गेला नाही. दारातून आत येणारा म्हातारा चष्मा न लावता त्यावर वेळ वाचतो.

आता आमच्या धंद्याकडे. वालिदांच्या दुकानात चार चिजा कायम. चौकड्याची मद्रासी लुंगी, मालेगावची जाड सुती रंगीत साडी, पांढरा लठ्ठा आणि पंचा. मालेगावच्या मोमीन विणकरांनी त्या साडीचे काठ आणि रंग वर्षानुवर्षे तेच ठेवले. ओसरीवर बसलेली आगरी म्हातारी काठाला बोट लावून सांगे की हीच, नाहीतर नको. आम्ही शिकून दुकानात बसलो तेव्हा आम्हाला या मालाची लाज वाटे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या जांभळ्या साडीने साऱ्या बाजाराला वेड लावले. आम्ही मंगलदास मार्केटमधून त्या रंगाचा माल उचलला, तोही उधारीवर, वालिदांना न विचारता. पहिला महिना हातोहात विकला गेला. मग आम्ही दुप्पट उचलला. दिवाळीनंतर बाजारात दुसरा रंग आला आणि आमची फडताळे जांभळी ती जांभळीच राहिली. मुंबईचा व्यापारी पैशासाठी निरोपावर निरोप पाठवू लागला.

वालिद रागावले नाहीत. त्यांनी लुंग्यांच्या विक्रीतून दोन वर्षांत ते देणे फेडले. उरलेले कापड गोधड्यांसाठी किलोवर गेले. एवढेच म्हणाले, "बेटा, फॅशनचा माल बर्फासारखा असतो. विकायला हरकत नाही, साठवायला घेऊ नये." तेव्हापासून आमचा हिशेब असा, की भांडवलातले बारा आणे न बदलणाऱ्या मालात आणि चार आणे बदलणाऱ्यात. बुरखा-अबायाचा माल दर सहा महिन्यांनी कापणी आणि नक्षी बदलतो, तो या चार आण्यांत. पांढऱ्या लठ्ठ्याला मात्र कधीच फॅशन लागत नाही. तो कशासाठी जातो ते वाचकांना सांगायला नको. त्यावर आम्ही नफा घेत नाही, आमच्या घरचा रिवाज आहे.

पण जुन्याला चिकटून राहिले की झाले, असे जर कोणी आमच्या लिहिण्यावरून समजेल तर ते चुकीचे. पुण्याची बजाज चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. एके काळी तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. अंगावर घालण्यापूर्वी एका बाजूला कलंडवून मग किक मारायची, ही सवय साऱ्या महाराष्ट्राला होती. लोकांनी ती सोसली कारण दुसरे काही मिळत नव्हते. मोटारसायकली मिळू लागल्या आणि २००५ च्या आसपास चेतक बंद झाली. २०२० मध्ये विजेची चेतक निघाली, नाव तेच आणि अंगाचा गोलावाही बराचसा ओळखीचा, आत सगळे नवे. कलकत्त्याजवळची अँबॅसिडर मोटार २०१४ मध्ये बंद पडली. मुंबईतल्या कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीच थांबली होती, आणि तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक पसंतीने तीच वस्तू मागते आणि गिऱ्हाईक नाइलाजाने तीच वस्तू घेते, या दोन्हींत गल्ल्यावर बसलेल्याला फरक दिसत नाही. पैसे तेवढेच येतात. कळते ते समोर दुसरे दुकान उघडल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

जोह्याची वसुली का अडली ते आता सांगतो. त्या कारखान्याच्या माळ्यावर साचे आहेत, रबरी. काही मालकांच्या वडिलांनी हाताने घडविलेल्या मूळ मूर्तीवरून पुन्हा पुन्हा काढलेले. साचा झिजला की नवा काढतात, पण मूळ रूप तेच. मालक सांगत होते की मुंबईचे, पुण्याचे व्यापारी फोनवर एवढेच म्हणतात, "गेल्या वर्षीचीच द्या, तेवढ्याच उंचीची." घरोघरचे लोक त्याच बैठकीची, त्याच सोंडेची मूर्ती मागतात. मधल्या काळात त्यांच्या मुलाने सिनेमातल्या नायकासारख्या मूर्ती केल्या. त्या एक वर्ष चालल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांना विचारणारा कोणी नव्हता. आमची जांभळी साडी आम्हाला आठवली. लालबागची मूर्तीसुद्धा कांबळी कुटुंबाकडे पिढ्यान्पिढ्या त्याच रूपात घडते. धंद्याच्या नजरेने पाहिले तर या पट्ट्याची सारी दौलत त्या माळ्यावर आहे.

पण साचा तोच राहिला तरी त्यात काय ओतायचे, हा आता प्रश्न आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पातळ करून साच्यात ओतले की थोड्या वेळात घट्ट होते. काथ्या घालून मूर्ती पोकळ आणि हलकी निघते, दूरच्या गावी कच्ची पाठविता येते, तिथले लोक रंगवून विकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. अंमल पुढे ढकलला जात राहिला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सूचना कडकपणे पाळण्यास सांगितले, तेव्हा पेणच्या कारखान्यांत अर्धा हंगाम भरून झाला होता. जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली, मात्र परवानगीवाचून नदी-समुद्रात विसर्जन करता येणार नाही असे ठरविले. पाणी बिघडते ही तक्रार खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. पण जानेवारी ते जून हे पाच महिने या पट्ट्यात कोणी आगाऊ रक्कम देईना आणि कोणी माल उचलीना. हंगाम जेमतेम हाताला लागला, आणि आमची उधारी त्यात अडकली.

आम्ही विचारले, "मग शाडू का नाही करीत?"

त्यांनी आम्हाला आत नेले. शाडूची एक मूर्ती सुकत ठेवली होती. साचा तोच, वडिलांचा. पण शाडू ओतता येत नाही, हाताने दाबून थर बसवावा लागतो. जाड होते, जड होते, सावलीत सावकाश सुकवावी लागते, नाहीतर तडा जातो. टेम्पोच्या खड्ड्यात कान आणि बोटे निखळतात. एक कारागीर दिवसभरात प्लास्टरच्या जितक्या काढी त्याच्या निम्म्याही निघत नाहीत. म्हणून त्यांनी साच्यात थोडा फेर केला होता. हाताची बोटे अंगाला जरा टेकविली, कानाची कड किंचित जाड केली. समोरून पाहिले तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही. हे काम त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून तीन महिने केले, पाचदा मोडून. ज्या मुलाची सिनेमाची मूर्ती पडली होती तोच हा मुलगा. आमच्या मते त्याच्या हुनराची खरी जागा त्याला आता सापडली आहे.

पुढच्या हंगामात निम्मा माल शाडूचा, निम्मा प्लास्टरचा, असा त्यांचा बेत आहे. तो जमला तर खाते चुकते होईल. न जमला तर आमच्यावरही ओझे आहे, कारण आम्ही स्वतः मुंबईला देणे लागतो. आम्ही वहीत बाकी पुढे ओढली आणि व्याजाचा तर प्रश्नच नव्हता. अर्धी रक्कम त्यांनी मोजून हातात ठेवली.

उठताना त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिले, दोन फेरे चावी दिली आणि म्हणाले, "भाई, लुंग्या आणताना त्याच चौकड्याच्या आणा हां. मागच्या खेपेला निळ्या रेघेच्या दिल्यात, पोरं कुरकुरत होती."

आम्ही वहीत लिहून घेतले. हिरवी-तपकिरी चौकड, चाळीस नग.